नडगीवरची जागा

ती जागा तुवेईच्या बोटांना सापडली तेव्हा शर्यतीला चोवीस दिवस राहिले होते.

गुरुवारची दुपार. पोरी सकाळी वेगाचं धावून आल्या होत्या, चहा पिऊन, ओढ्यात पाय बुडवून झोपल्या होत्या, आणि आता उठून पाय चोळून घ्यायला एकेक करून त्याच्या खोलीत येत होत्या. खोली म्हणजे प्रशिक्षक सिरमाच्या धावपटूंच्या तळामागची पत्र्याची शेड. आत एक फळ्यांचं टेबल, त्यावर जुनी गादी, कोपऱ्यात शेगडीवर तेलाची वाटी. जेरोप शेवटची आली. गादीवर पालथी झोपली.

तुवेईने पोटऱ्या मोकळ्या केल्या, मग तिला उताणी वळवून डाव्या नडगीवरून अंगठा खाली नेला. मध्यावर अंगठा थबकला. गव्हाच्या दाण्याएवढा उंचवटा होता आणि तेवढीच जागा बाकीच्या पायापेक्षा गरम होती. त्याने जरा दाबलं. जेरोप हलली नाही, पण तिच्या पायाची बोटं आत वळली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"पोरी, माझ्यापुढे नाटक नको. खाली उतर. डाव्या पायावर उभी राहा नि उडी मार."

तिने दोन उड्या मारल्या. चेहरा दगडासारखा ठेवला होता. तिसऱ्या उडीला तिने टेबलाची कड धरली.

तुवेईची आजी हाडं बसवायची. माणसांची आणि गुरांची, दोघांची सारख्याच मायेने. अंधारात नुसत्या बोटांनी ती सांगायची, हे हाड मोडलंय, हे नुसतं चिरलंय, हे अजून ठरवतंय. तुवेई स्वतः कधी धावला नाही. अठ्ठावीस वर्षं त्याने धावणाऱ्यांचे पाय हातात घेतले होते. केनियातल्या ह्या इतेन गावात सकाळी रस्त्यावर पाचशे माणसं धावतात, पण धावणं दोन तासांत संपतं. उरलेला दिवस पायाला त्याचं देणं परत देण्याचा असतो. धाप बसायच्या आत साखर घातलेला दुधाचा चहा, थंड पाणी, जेवण, झोप, पुन्हा जेवण, पुन्हा झोप. संध्याकाळचं धावणं इतकं सावकाश, की डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेली बाई पुढे निघून जावी. तुवेई म्हणायचा, धावायला गाढवालाही येतं, पडून राहायला अक्कल लागते. आणि कोण नीट पडून राहतं, कोण नाही, हे त्याला पायाला हात लावल्याबरोबर कळायचं.

"हे हाड चिरायला लागलंय," तो म्हणाला. "सहा आठवडे धावायचं नाही. चल, सिरमाला सांगून येऊ."

जेरोपने त्याचं मनगट धरलं. चोवीस वर्षांची पोर, अंगावर मूठभर मांस नाही, पण पकड अशी की त्याला हात सोडवता येईना.

"नका सांगू, बाबा."

"वेडी आहेस का?"

"सहा वर्षं दुसऱ्यांसाठी वेग धरून देते मी. पंचवीस किलोमीटर पुढे पळायचं नि बाजूला व्हायचं. ही पहिली शर्यत माझ्या नावावर आहे. ह्या वेळी नाही गेले तर शर्यती मिळवून देणारा एजंट पुन्हा विचारणार नाही. सिरमाकडे अकरा जणी रांगेत आहेत."

"पाय मोडला तर कोण विचारणार आहे?"

तुवेईने पुन्हा पायाकडे पाहिलं. गेल्या तीन महिन्यांत ह्या पायांचं त्याला कोडं पडलं होतं. सोमवारी सगळ्यांचे पाय हलके असत, कारण रविवारी धावणं नसे. चर्च, जेवण, झोप. जेरोपचे सोमवारी सगळ्यांत जड असायचे. मांड्या पुढून ताठ, जणू कुणी दिवसभर उतारावर पिटाळलंय.

"रविवारी कुठे जातेस?"

ती म्हणाली, "खाली."

खाली म्हणजे खोऱ्यात. कड्याच्या पायथ्याशी, केरियो नदीच्या काठी, तिच्या आईकडे. तिथे तिची चार वर्षांची लेक होती. सिरमाच्या तळाचा नियम असा, की शर्यतीआधी तीन महिने पोरींनी तळ सोडायचा नाही. म्हणून जेरोप चर्चमधून मागच्या मागे सटकायची, पायवाटेने कडा उतरून जायची, लेकीला न्हाऊ घालून, दोन घास भरवून अंधार पडायच्या आत परत चढून यायची. आठवड्यातला एकच विसाव्याचा दिवस, तो ती असा दगडधोंड्यांत घालवायची.

"ती मला मावशी म्हणायला लागली होती," जेरोप म्हणाली. "मग मी दर रविवारी जायला लागले."

इथे तुवेईने सिरमाकडे जायला हवं होतं. पुढे अनेकदा त्याने स्वतःला हेच सांगितलं. पण त्या दुपारी त्याला पोरीची दया आली, आणि दयेच्या जोडीला आणखी काहीतरी आलं. त्याला वाटलं, हाड अजून ठरवतंय. आपण त्याचं मन वळवू.

"रविवारचं खाली जाणं बंद," तो म्हणाला. "एकदम बंद. मी सांगेन तेवढंच धावायचं, गवतावर. सिरमाला म्हणावं पोट बिघडलंय. चार दिवस पोटाचं सांग, मग तसंही शर्यत जवळ आली की तो धावणं कमी करतोच. कबूल?"

तिने त्याचे हात दोन्ही हातांत धरले आणि कपाळाला लावले. तुवेईला ते आवडलं नाही असं म्हणता येणार नाही.

पुढचे सोळा दिवस त्याने त्या एका पायासाठी जे केलं ते स्वतःच्या गाईसाठीही केलं नव्हतं. बायको कोबिलो रोज वाळवलेल्या भोपळ्यात आंबवलेलं दूध पाठवायची, भोपळ्याला आतून चोळलेल्या राखेने काळपट झालेलं, आणि जेरोपने ते पिऊन भोपळा परत दिल्याशिवाय तो हलायचा नाही. दिवसातून दोनदा ओढ्यात गुडघ्यापर्यंत पाय, वीस मिनिटं. जेवणात मक्याच्या पिठाच्या उगालीचा आणखी एक गोळा, उकडलेली अंडी, पालेभाजी. जेवणानंतर दोन तास झोप. झोप आली नाही तरी डोळे मिटून पडायचं. नडगीला त्याने हात लावला नाही, फक्त आजूबाजूचं मांस सैल करत राहिला.

"तुमची नवी सून आहे वाटतं," कोबिलो थट्टेने म्हणायची. "माझ्या कमरेला कधी इतकं तेल लावलं नाहीत."

"तुझी कमर शर्यतीला जाणार आहे का?"

"जाईलही. पाठवून तर बघा."

तिला त्याने खरं सांगितलं नव्हतं.

पहिला रविवार जेरोपने झोपून काढला. दुसराही. दुसऱ्या सोमवारी तुवेईने अंगठा नडगीवरून खाली नेला आणि त्याला गरम लागलं नाही. उंचवटा होता, पण गार. जेरोप एका पायावर दहा उड्या मारून हसली. त्याने तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्या संध्याकाळी तुवेई घरी गेला तो पन्नाशीतला माणूस वाटतच नव्हता. डॉक्टर सहा आठवडे म्हणाले असते. त्याने अकरा दिवसांत हाडाला समजावलं होतं.

मग तिसरा रविवार आला. शर्यतीला सात दिवस होते.

खोऱ्यातून एक बाई निरोप घेऊन आली, की पोरीला हिवताप चढलाय, अन्न घेत नाही. जेरोपने कुणाला विचारलं नाही. ती कडा उतरून गेली, लेकीला पाठीवर बांधून दवाखान्यापर्यंत दोन तास चालली, सुई देईपर्यंत थांबली, तिला परत आईकडे पोचवलं आणि मग पुन्हा कडा चढली. सोमवारी ती शेडमध्ये आलीच नाही. मंगळवारी आली. बुधवारी विमान होतं.

तुवेईने अंगठा ठेवला आणि लगेच उचलला. आता गव्हाचा दाणा नव्हता, मक्याचा होता. आणि हात भाजावा इतका गरम.

"पोर बरी आहे," जेरोप म्हणाली. त्याने विचारलं नव्हतं.

"जेरोप, हा पाय बेचाळीस किलोमीटर जाणार नाही."

"जाईल. तुम्ही बांधून द्या."

"बांधून काय होतं? ते काय फाटकं पोतं आहे?"

"बाबा, उद्या विमान आहे."

बाहेर सिरमाचा आवाज येत होता. तो कुणालातरी जेरोपच्या बॅगेबद्दल ओरडून काही सांगत होता. तुवेईने एक हाक मारली असती तर तो आत आला असता. दहा पावलं. पण मग सिरमाने पहिला प्रश्न विचारला असता, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे? आणि तुवेईला सांगावं लागलं असतं, तीन आठवड्यांपासून. पोटाचं खोटंही मीच शिकवलं. अठ्ठावीस वर्षं ह्या गावात त्याच्या हातांवर लोकांनी डोळे मिटून विश्वास टाकला होता. झाकली मूठ उघडायला त्याचा हात धजावला नाही.

त्याने जुन्या सुती पट्टीने नडगी बांधली. घट्ट, व्यवस्थित, उगाचच.

"तिसाव्याला दुखलं तर सोडून दे," तो म्हणाला. "ऐकतेस ना? लाज बाळगू नकोस. बाजूला हो."

"बाजूला व्हायची मला सवय आहे," जेरोप म्हणाली.

रविवारी तळाच्या जेवणघरात सगळे टीव्हीसमोर बसले होते. युरोपातलं कुठलंसं शहर, राखाडी आभाळ, ओला रस्ता. तुवेई दाराशी उभा होता. पंचविसाव्या किलोमीटरला पुढे पाच जणी होत्या, तिसाव्याला चार, त्यांत जेरोप. पोरी टेबलं बडवत होत्या. सिरमाचा गुडघा हलत होता.

तुवेईला तिचा फक्त डावा पाय दिसत होता. बत्तिसाव्याला ती टाच जरा लवकर उचलायला लागली. इतकं थोडं, की दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही. तेहतिसाव्याला ती रस्त्याच्या मधल्या गुळगुळीत भागाकडे सरकली.

"सोड," तुवेई पुटपुटला. "सोड आता, पोरी."

चौतिसाव्याच्या पाटीपाशी तिचा पाय, जिथे सांधा नाही तिथे, वाकला. ती तोंडावर आपटली. कॅमेरा क्षणभर तिच्यावर राहिला आणि मग पुढच्या तिघींबरोबर निघून गेला. जेवणघरात कुणीतरी किंचाळलं. तुवेई बाहेर निघून आला.

चौथ्या दिवशी सिरमा त्याच्या घरी आला. पूर्वी तो स्वतःच धावायचा. आता पोट सुटलं होतं, पण चाल अजून धावणाऱ्याची होती. कोबिलोने चहा दिला तो त्याने हातात नुसता धरून ठेवला.

"तुवेईबाबा, हाडाचे दोन तुकडे झालेत. तिथेच ऑपरेशन करायचं म्हणतात, आत धातूचा दांडा घालून. एजंटने विमा काढलाय, पण विमावाल्यांचे प्रश्न आहेत. दुखणं आधीपासून होतं का? तिला माहीत होतं का? माहीत असून धावली असेल तर ते एक पैसा देणार नाहीत. मग तसाच प्लास्टर घालून पाठवून देतील."

"ती काय म्हणाली?"

सिरमाने चहाकडे पाहिलं. "ती म्हणाली, पाय ठणठणीत होता. मंगळवारी तुम्ही फार जोरात रगडलात. तेव्हापासून दुखायला लागला."

कोबिलोच्या हातातलं भांडं खाली आपटलं. "काय म्हणाली? ह्यांनी? अहो, सोळा दिवस मी पाठवलेलं दूध हे तिला पाजत होते! तुम्ही बोला ना! गप्प काय बसलात?"

तुवेईच्या कानशिलांत रक्त चढलं होतं. आयुष्यात कुणी त्याच्या हातांना असं म्हटलं नव्हतं. तो उठून उभा राहिला. "सिरमा, मी त्या हाडाला बोटही..."

"थांबा," सिरमा म्हणाला. "नीट विचार करून बोला. तुम्ही जे बोलाल ते मला लिहून द्यावं लागणार आहे. पायात आधी काही होतं असं तुम्ही म्हणालात, तर ते तुम्हाला कसं कळलं, कधी कळलं, हे विचारतील. मीही विचारेन." त्याने पहिल्यांदाच तुवेईच्या डोळ्यांत पाहिलं. "चार दिवस तिचं पोट बिघडलं होतं, तेव्हा मी स्वयंपाकघरात चौकशी केली होती. ती दोन-दोन माणसांचं जेवत होती. पोट बिघडलेलं माणूस असं जेवत नाही."

"म्हणजे तुलाही..."

"मला काही माहीत नाही. तिचं तिकीट काढून झालं होतं, बाबा. मी काही विचारलं नाही."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. इंग्रजीत चार ओळी होत्या, चोळताना जोर जास्त झाला अशा अर्थाच्या. खाली सहीसाठी रेघ.

तुवेईने कागद घेतला आणि सही केली. त्याने त्या पोरीसाठी सही केली, असं कोबिलोने नंतर लोकांना सांगितलं, आणि काही जणांनी ते मानलंही. तुवेईला स्वतःला तसं छातीठोकपणे कधी म्हणता आलं नाही. कारण कागदावर जे लिहिलं होतं ते खोटं होतं, पण खऱ्यापेक्षा हलकं होतं. चुकून जोरात दाबणारा म्हातारा, आणि जाणूनबुजून मोडक्या पायावर पोरीला धावू देणारा म्हातारा, ह्या दोघांपैकी एक व्हायचं होतं. त्याने पहिला निवडला. सही त्याने एका दमात केली, ह्याचं त्याला जन्मभर वाईट वाटत राहिलं.

ऑपरेशन झालं. गावात बातमी त्याच आठवड्यात पसरली. सोमवारी शेडपाशी दोघी आल्या, गुरुवारी कुणीच नाही. रस्त्यावरची पोरं त्याला पाहून पाय मागे ओढून घ्यायची नि हसायची. "अरे, हाडमोड्या आला, पोटऱ्या सांभाळा!" एकदा कोबिलो त्यांच्यामागे काठी घेऊन धावली. सिरमाने शहरातून एक शिकलेला माणूस आणला. त्याच्याकडे गुणगुणणारं यंत्र होतं, भिंतीवर चौकटीतलं प्रमाणपत्र होतं. शेडमधली गादी कुणीतरी बाहेर टाकली, ती पावसात भिजून सडली. तुवेई भावाच्या शेतात मका सोलायला जाऊ लागला. संध्याकाळी कोबिलोची कंबर दुखली तरी तो तेलाची वाटी काढायचा नाही. म्हणायचा, हात खरखरीत झालेत.

जेरोप चार महिन्यांनी परतली. तळावर ती दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी तिचा पलंग दुसऱ्या पोरीला दिला. जखमेत पू झाला होता, दांडा काढून दुसरा घालावा लागला होता, आणि हाड जुळलं ते वाकडं जुळलं. पाय बोटभर आखूड झाला. ती खोऱ्यात आईकडे गेली, आणि ह्या वेळी कुणाला चुकवून जावं लागलं नाही.

वर्ष उलटलं, आंब्याचे दिवस आले. एका सकाळी तुवेई कोबिलोला काही न सांगता कडा उतरला. खाली उकाडा होता. बाजाराच्या झाडाखाली जेरोप आंब्यांचे ढीग लावून बसली होती. अंगाने भरली होती. शेजारी तिची लेक सालं चघळत होती. त्याला पाहून जेरोप उठायला गेली, मग उठली नाही.

"बसा, बाबा."

तो पोत्यावर बसला. तिने आंबा कापून दिला. गिऱ्हाइकं येत होती, जात होती.

"मी तुमच्यावर घातलं," ती अखेर म्हणाली.

"हो."

"दुसरं कोणाचं नाव सुचलंच नाही. सुई टोचलेली, डोकं फिरत होतं, आणि तो माणूस कागद घेऊन उभा. म्हटलं, बाबा रागावणार नाहीत."

"रागावलो होतो."

"आता?"

तुवेईने हातातली फोड खाली ठेवली. त्याच्याकडेही सांगण्यासारखं होतं. त्या मंगळवारी सिरमा दहा पावलांवर होता आणि आपण हाक मारली नाही, हे. तो तेच सांगायला कडा उतरून आला होता. पण तोंडाशी आलेलं बाहेर पडेना. पोरीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हिचा ताप पुन्हा आला होता का?"

"आला होता. आता मी इथेच असते ना."

"पाय बघू."

जेरोपने अंगावरचं फडकं नडगीवर ओढून घेतलं. "नको, बाबा. आता त्याला कुणी हात लावलेला मला चालत नाही. डॉक्टरनेही लावलेला चालत नाही." मग, त्याला वाईट वाटू नये म्हणून की काय, म्हणाली, "थंडीत दुखतो. इथे थंडी नसते."

निघताना तिने लंगडत उठून त्याला सहा आंबे बांधून दिले. त्याने नको म्हटलं नाही. कडा चढायला त्याला दुपार लागली. तीन ठिकाणी बसावं लागलं. ह्या वाटेने ती दर रविवारी जात-येत होती, हे तो प्रत्येक ठिकाणी बसून पुन्हा नव्याने मोजत होता.

घरी कोबिलोने आंबे पाहिले आणि सगळं ओळखलं.

"कशी आहे?"

"लंगडते. जाड झालीये. पोर जवळ आहे."

"माफी मागितली?"

"मागितल्यासारखीच."

"आणि तुम्ही?"

तुवेईने आंबे फळीवर ठेवले आणि चरवी घेऊन गोठ्याकडे गेला. गाय हंबरत होती, दूध काढायची वेळ टळून गेली होती.